काळ्या फियाटची डावी बाजू

"जावईबापू, फडकं पिळायचं असतं, मुरगाळायचं नसतं. कोंबडी आहे का ती?"

हे वाक्य मला ऐकवलं तेव्हा नुकतं कुठे उजाडत होतं. अधिक महिना चालू होता, लग्नानंतरचा माझा पहिलाच. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, असं आपल्याकडे मानतात. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतं. मला देवानं दोनच हात दिले होते, आणि त्या दोन्ही हातांत गाडी पुसायचं कातड्याचं पिवळं, ओलं फडकं होतं. दुपारी मला पाटावर बसवून ओवाळणार होते. सकाळी मात्र मी धोतर खोचून सासऱ्यांच्या काळ्या फियाटसमोर उभा होतो.

माझे सासरे, डॉक्टर त्र्यंबकराव नाईकवाडे, बार्शीतले गुरांचे डॉक्टर. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. सरकारनं त्यांना निवृत्त केलं होतं, पण तालुक्यातल्या म्हशींना ते काही मान्य नव्हतं. रोज कुणी ना कुणी दारात येऊन उभं राहायचंच. जनावर धुतलं की त्याचं अंग लगेच कोरडं करावं, हे दादांनी आयुष्यभर शेतकऱ्यांना सांगितलं. शेतकऱ्यांनी ते कितपत मनावर घेतलं कोण जाणे. दादांनी स्वतः ते फियाटच्या बाबतीत अक्षरशः पाळलं. सासूबाई म्हणायच्या, "चार पोरांची आंघोळ झाली असती एवढ्या वेळात. आमच्या दोघांना कधी पुसलं नाही त्यांनी असं."

आता खरं सांगायचं तर दादांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्यांच्या अंगणातल्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही. त्या पाण्याचा थेंब गाडीवर वाळला की तिथे पांढरा ठिपका पडे, आणि ओघळ वाळला की पांढरी रेघ. गाडी काळी कुळकुळीत. शिवाय उन्हाळा असा की सूर्य कंपाउंडच्या भिंतीवर आला की पाणी बघता बघता उडून जाई आणि डाग तेवढे मागे राहत. म्हणून सूर्य वर यायच्या आत गाडी कोरडी झालीच पाहिजे, हा घरातला कायदा होता. पूजेला उशीर झाला तर चालत असे.

"टपापासून सुरुवात करा," दादा म्हणाले. "पाणी वरून खाली येतं. पुण्यात एवढं शिकवलं असेल ना?"

"हो दादा."

"सरळ ओढा. सरळ! गोल गोल काय फिरवताय, पोळी लाटताय का?"

"नाही दादा."

"दार उघडा. आतली कड पुसा. तिथं पाणी दडून बसतं आणि आपली पाठ फिरली की हळूच ओघळतं. आरशाच्या खाली बोट घाला. वायपर उचला. नंबर प्लेटच्या मागं कोण पुसणार, तुमचे वडील?"

माझ्या वडिलांनी जन्मात सायकलसुद्धा पुसली नव्हती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. मी मुकाट्यानं वाकलो आणि नंबर प्लेटच्या मागे बोटं घातली. एवढा मुकाट मी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या सकाळी माझ्या मनात पाप होतं. ही गाडी मी दुपारी त्यांच्याकडून काढून घेणार होतो.

म्हणजे मी कसला काढून घेणार! मला तसा हुकूम झाला होता. आदल्या दिवशी बार्शीत पाय ठेवला, हातपाय धुतले, आणि बायकोनं, शैलानं, मला स्वयंपाकघरात ओढलं. तिथे सासूबाई अनारसे तळत होत्या. शैलाचा भाऊ रणजित बंगलोरहून फोनवर होता. थोडक्यात, खटला चालवून शिक्षाही सुनावून झाली होती, फक्त जल्लाद यायचा बाकी होता, आणि तो आता आला होता.

प्रकरण असं होतं. दादांना काचबिंदू झाला होता. डावा डोळा पार गेलेला, आणि उजव्याचा भरवसा नाही. सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. दादांनी घरी येऊन सांगितलं, "चष्म्याचा नंबर थोडा बदललाय." सासूबाईंना खरं काय ते कळलं दुसऱ्याच कुणाकडून. तोवर दादांनी फाटकाचा डावा खांब दोनदा खरवडला होता आणि दोन्ही वेळा गवंड्याला शिव्या दिल्या होत्या. मग मागच्या महिन्यात शाळेला निघालेल्या एका मुलीच्या सायकलला धक्का लागला. पोरगी पडली, गुडघे फुटले, एवढ्यावरच भागलं. दादा म्हणाले, "एकदम आली. डावीकडून." पोरीचे वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिलाच नीट चालवता येत नाही." कारण त्यांची गाय दादांनी वाचवली होती.

सांगून बघितलं नाही असं नाही. रणजितनं फोनवर विषय काढला, तर दादांनी फोन ठेवला. शैलानं किल्ली लपवली, तर दादांनी खिशातून दुसरी काढली आणि म्हणाले, "ही गाडी घ्यायची असेल तर आधी मला चौघांच्या खांद्यावर जाऊ द्या."

पण नाईकवाड्यांच्या घरात एक रीत होती. पहिल्या धोंड्याच्या जेवणाला जावई पाटावर बसला की सासऱ्यानं चार माणसांत त्याला विचारायचं, "काय हवं?" तो मागेल ते द्यायचं, आणि ते दिल्याशिवाय जावयानं घास उचलायचा नाही. जावईसुद्धा शहाणे, ते उपरणं मागत, तांब्या मागत, फार तर छत्री. खुद्द दादांनी त्यांच्या सासऱ्यांकडे पाणी तापवायचा पितळी बंब मागितला होता आणि तो मिळाला होता. दादा ही रीत मोडणार नाहीत, याची सगळ्यांना खात्री होती.

"तुम्ही गाडी मागायची," शैला म्हणाली.

"मी? अगं, तिसऱ्या मजल्यावर आपल्या दोन खोल्या. गाडी काय गॅलरीत वाळत घालू?"

"ते नंतर बघू. रणजित बघतो म्हणालाय."

"मग त्यालाच सांग ना मागायला!"

सासूबाईंनी झारा उचलला. "पोरानं मागितली तर घरात तंटा होईल, जावईबापू. जावयानं मागितली तर रीत होते."

"लोक काय म्हणतील? पहिल्याच धोंड्याला सासऱ्याची गाडी लाटली म्हणतील. हावरट म्हणतील!"

"म्हणू देत," शैला शांतपणे म्हणाली. "त्या सायकलवाल्या पोरीच्या जागी उद्या कुणी मेलं, तर लोक दादांना काय म्हणतील?"

मला गाडी धड चालवताही येत नव्हती, हा मुद्दा शिल्लक होता. पण लायसन आहे अशी फुशारकी मी लग्न ठरताना मारून बसलो होतो, त्यामुळे तोही गिळला. एका अनारशावर माझी बोळवण झाली आणि बैठक संपली.

तर अशा रीतीनं मी फियाट पुसत होतो. उजवी बाजू माझ्याकडे होती, डावी बाजू दादांनी स्वतःकडे ठेवली होती. "नवशिक्याला दोन्ही बाजू देत नाही मी," असं त्यांनी जाहीर केलं होतं. मी उजवी बाजू त्यांच्या देखरेखीखाली अशी चकचकीत केली की तीत माझं तोंड दिसत होतं, आणि ते काही फार सुखावह नव्हतं. मग मी वळसा घालून पलीकडे गेलो.

डाव्या बाजूला दादा दारावर तळहात फिरवत होते. हात ओला लागला की तिथे फडकं, हात कोरडा लागला की पुढे. बघतच नव्हते ते. चेहरा समोर भिंतीकडे, आणि हात गाडीवर. आणि जिथे हात पोहोचला नव्हता तिथे पाणी तसंच होतं. मागच्या दारावर, चाकावरच्या पत्र्यावर, डिकीच्या कडेला ओघळच ओघळ. काही वाळून पांढरेही झाले होते. ज्या माणसानं नंबर प्लेटच्या मागच्या थेंबासाठी माझ्या बापाचा उद्धार केला, त्याला हातभर अंतरावरची रेघ दिसत नव्हती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तेवढ्यात सासूबाई तुळशीला पाणी घालायला आल्या. तांब्या कट्ट्यावर ठेवला, आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"झाला का सवतीचा शृंगार? काजळ घाला आता. वेणीफणी करा."

"तू तुझं काम कर," दादा पुढे बॉनेटकडे सरकत म्हणाले.

"करतेच आहे. मी आणखी काय करते या घरात?" असं म्हणत त्या गाडीच्या मागच्या बाजूला आल्या आणि पदराचं टोक हातात घेऊन त्यांनी ते ओघळ भराभरा टिपायला सुरुवात केली. तोंड चालूच. "एवढं पाणी झाडांना घातलं असतं तर आंबा धरला असता." एक रेघ पुसली. "शेजारच्या वकिलांनी बायकोला काशीला नेलं." दुसरी रेघ. "आम्हाला आपलं कोपऱ्यापर्यंत आणि परत." जो डाग पांढरा झाला होता त्यावर त्यांनी पदर तोंडाजवळ नेऊन हलकीच वाफ सोडली आणि घासला. हे सगळं इतक्या सवयीनं चाललं होतं की ते आजचं नव्हतं, हे मला आंधळ्यालाही दिसावं तसं... म्हणजे लख्ख दिसलं. मी तोंड उघडणार, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की उघडलेलं तोंड मी जांभई देऊन मिटलं.

त्या आत गेल्या. दादा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय जावईबापू? एक तरी डाग दिसतोय?"

"नाही दादा. एकही नाही."

"दिसणारच नाही. बसा गाडीत."

गाडी पुसून झाली की तिला कोपऱ्यापर्यंत न्यायची, दोनदा कचकन ब्रेक लावायचा आणि परत आणायची. म्हणजे फटीफटीत दडलेलं पाणी बाहेर येतं आणि ते कोरड्या फडक्यानं टिपता येतं. हा दादांचा शोध. मी डावीकडच्या सीटवर बसलो आणि मनात भगवंताला हाक मारली. भगवंताचं देऊळ बार्शीतच, हाकेच्या अंतरावर, ही त्यातल्या त्यात सोय.

फाटकातून गाडी निघाली ती डावा खांब चुंबून निघाली. दादा म्हणाले, "गवंडी मूर्ख होता." मी म्हटलं, "अगदीच." रस्ता रिकामा होता. दादा ऐटीत बसले होते, कोपर खिडकीवर. पहिला ब्रेक लागला, चार थेंब काचेवरून सरकले. दादा खूश. आणि मग डावीकडच्या बोळातून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन एक बाई रस्त्यावर आली.

मला ती दिसली. दादांना दिसत नाही हे मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती बॉनेटच्या कोपऱ्याशी आली होती.

"दादाऽऽ!" मी किंचाळलो.

गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि बंद पडली. बाई मागे कोलमडली, पाटी पडली, वांगी रस्ताभर झाली. लागलं काही नव्हतं, पण तिचा जीव घशाशी आला असणार. उठली, पदर खोचला आणि तिनं तोंड सोडलं.

"डोळं फुटलं का रं तुझं, मुडद्या? दिसत न्हाई तर घरी बसावं! माणसं मारायला निघालास का सकाळच्या पारी?"

दादा गाडीतून उतरले. त्यांना बघितल्याबरोबर बाईचा आवाज एकदम पडला.

"अगं बया! डाक्टरसायेब हाय व्हय? न्हाई न्हाई, चुकलं माझंच. मीच मधी आले. डोस्क्यावर पाटी, मला कुठलं दिसतंय?"

"तुमचं काही चुकलं नाही," दादा म्हणाले.

"असं कसं? तुमी माझी म्हस वाचिवली. मीच आंधळी, बघा. माप करा मला."

दादा रस्त्यावर बसून वांगी गोळा करू लागले. हातानं चाचपत. एक वांगं त्यांच्या डाव्या पायाजवळच होतं, ते त्यांना सापडेना. बाईनं ते उचललं आणि वर पुन्हा त्यांचीच माफी मागितली. मला त्या क्षणी तिचा राग आला. तिनं शिव्या चालू ठेवायला हव्या होत्या. निदान त्या खऱ्या होत्या.

परत येताना दादांनी गाडी पहिल्या गिअरवरच आणली. मी डावीकडचं एकेक सांगत होतो, "खांब आहे... कुत्रं आहे... सायकल उभी आहे," आणि ते एकदाही "गप्प बसा" म्हणाले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

अंगणात आल्यावर त्यांनी कोरडं फडकं घेतलं. फटींतून खरंच पाणी आलं होतं. ते वाकून डाव्या दाराची कड टिपू लागले, आणि सासूबाई पुन्हा बाहेर आल्या, पदर हातात, तोंडात काहीतरी तयार. दादा वर न बघता म्हणाले,

"राहू दे. हात दुखतील."

"कसले हात?"

"डावी बाजू तू पुसतेस. ठाऊक आहे मला."

सासूबाईंच्या हातातला पदर सुटला. मग त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय! गाडीच्या त्या बाजूला हिंगाचा वास येतो."

सासूबाई आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा मोठा आवाज झाला, विनाकारण. दादा फडक्याची घडी करत होते, उगाच चारदा केली. मग म्हणाले,

"दुपारी काय मागणार, जावईबापू?"

आता मी काही पाषाण नाही. नुकती ती वांगी बघून आलो होतो. हातानं गाडी चाचपणारा तो म्हातारा माणूस माझ्यापुढे उभा होता, आणि त्याच्याकडून मी हीच गाडी चार लोकांत मागून घ्यायची? माझ्यानं ते होईना. गेली शैलाची योजना खड्ड्यात, रात्री ती मला बोलेल ते ऐकून घेईन, असं ठरवलं आणि मोठ्या मनानं म्हणालो,

"काही नाही हो दादा. तांब्या मागेन एखादा."

"तांब्या," दादा म्हणाले.

"हो. साधा."

"बरं," असं म्हणून त्यांनी फडकं माझ्या हातात कोंबलं आणि घरात गेले. मला वाटलं, केवढा धीर दिला आपण माणसाला. मी त्या क्षणी स्वतःवर फार खूश होतो.

दुपारी जेवणाला वीसेक माणसं होती. भाऊबंद, शेजारी, आणि सगळ्यांत पुढे सुलाखे वकील, ज्यांनी बायकोला काशीला नेलं होतं आणि ज्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होत असे. मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओवाळलं. पुढ्यात ताट, ताटात पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी. बाजूला तेहतीस अनारशांचं दुसरं ताट, त्यावर जरीचा रुमाल. शैला दारात उभी राहून माझ्याकडे डोळे वटारत होती. मी तिच्याकडे न बघता समईकडे बघत होतो.

दादा समोर येऊन बसले. नवा सदरा, टोपी. घसा साफ केला.

"बोला जावईबापू. काय हवं?"

"तांब्या," मी म्हणालो.

दारातून एक आवाज आला, चुलीत पाणी ओतल्यावर येतो तसा. ती शैला होती.

दादा हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "तांब्या काय मागता? घरात पन्नास आहेत. नीट मागा."

"मग उपरणं द्या."

"उपरणं!" दादा लोकांकडे वळले. "बघा वकीलसाहेब, जावई उपरणं मागतोय. अहो, पहिला धोंडा आहे. मन मोठं करा जरा."

सुलाखे वकील म्हणाले, "गुणी आहे हो जावई तुमचा. संकोची आहे."

"गुणी कसला! बंब मागितला होता मी, तुमच्या वयात. घ्या, मागा. मोठं मागा."

"छत्री..." मी म्हणालो.

"छत्री?" दादांचा आवाज चढला. "या घरात मागण्यासारखं दुसरं काहीच दिसत नाही तुम्हाला? चांगले दोन डोळे आहेत ना?"

सगळे हसले. दादा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझा चेहरा जिथे असावा तिथे बघत होते, आणि त्यांची बोटं धोतराचा काठ चुरगाळत होती. कपाळावर घाम होता. माणूस रागावला की असा दिसत नाही. माणूस काकुळतीला आला की असा दिसतो. तेव्हा कुठे माझ्या जड डोक्यात उजेड पडला. सकाळी त्यांनी मला विचारलं ते भीतीनं नव्हतं. त्यांना कुणीतरी गाडी मागायला हवी होती. आपण होऊन सोडली असती तर "डॉक्टरांना दिसत नाही, गाडी सुटली" असं गावभर झालं असतं. मुलांच्या सांगण्यावरून सोडली असती तर तेच. जावयानं मागितली तर फक्त जावई हावरट ठरत होता. आणि मी गाढव त्यांच्या पुढ्यात छत्री धरून बसलो होतो.

मी पाठ ताठ केली. जेवढा निर्लज्ज आवाज काढता येईल तेवढा काढला.

"दादा, मग मला गाडी द्या."

सुलाखे वकिलांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. कुणीतरी बाई "अगंबाई" म्हणाली.

"गाडी?" दादा म्हणाले. काय आवाज लावला त्यांनी! गुरांच्या डॉक्टरकीत उगाच आयुष्य घालवलं या माणसानं. "माझी फियाट?"

"हो. तीच. काळी."

"विचार करा, जावईबापू."

"केलाय. गाडी मिळाल्याशिवाय मी घास उचलणार नाही."

दादांनी डोळे मिटले. हात छातीशी नेला. एकदा वर पाहिलं, जणू वाडवडिलांची परवानगी घेत होते. मग म्हणाले, "दिली. नाईकवाड्यांचा शब्द आहे."

"अहो डॉक्टर!" सुलाखे वकील अर्धे उठले. "असं काय करताय? तुम्ही फिरणार कशात?"

"पायी फिरेन, वकीलसाहेब. रिक्षा आहेत. लेकीचा संसार आहे, करणार काय?" आणि त्यांनी इतका खोल सुस्कारा सोडला की दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मला वाटलं आता किल्ली आणायला कुणाला तरी आत पाठवतील. दादा पुढे सरकले, अनारशांच्या ताटावरचा जरीचा रुमाल त्यांनी एका कोपऱ्यानं उचलला आणि आत हात घातला. चाचपावं लागलं नाही त्यांना. किल्ली तिथेच होती, अनारशांच्या मधोमध, हळदकुंकू लावलेली. दुसरी, राखीव किल्लीसुद्धा शेजारी होती. सकाळी मी तांब्याचं बोललो, त्यानंतरही त्यांनी त्या तिथे ठेवल्या होत्या.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी किल्ल्या ठेवल्या, माझी मूठ मिटली आणि ती काही क्षण तशीच घट्ट धरून ठेवली. मला भरून आलं होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ते माझ्या कानाशी वाकले.

"किती वेळ लावता हो? छत्री काय, छत्री! मी म्हटलं, आता हा हातरुमाल मागतो."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल, दादा."

"वाटतंय की," ते म्हणाले. एवढंच. मग मूठ सोडून सरळ झाले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघून घ्या, मंडळी. हे आजकालचे जावई!"

बार्शीत त्या दिवसापासून माझं नाव जे झालं ते आजतागायत पुसलं गेलेलं नाही. सुलाखे वकिलांनी आपलं काम चोख केलं. लग्नाकार्यात गेलो की म्हातारीकोतारी माझ्याकडे बोट दाखवून नव्या सासऱ्यांना सावध करतात. दादा स्वतः पुढची कितीतरी वर्षं पारावर बसून माझ्या लोभीपणाच्या कहाण्या सांगत, दर वेळी थोड्या वाढवून, आणि मी गेलो की तोंडभर हसून माझी पाठ थोपटत.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मी घास उचलला आणि तसाच हातात धरून बसलो. दादा माझ्या शेजारच्या पाटावर जेवायला बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखे जेवत होते. सासूबाई तूप वाढत आल्या. त्यांनी माझ्या धोंड्यावर वाटीभर तूप ओतलं, पुन्हा ओतलं, आणि काही न बोलता पुढे गेल्या. मी धोंड्याकडे नुसता बघत बसलोय हे दादांना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं.

"काय हो, खात का नाही?" ते मोठ्यानं म्हणाले. "म्हाताऱ्याची गाडी घेतलीत, आता निदान धोंडा तरी टाकू नका."